पाण्याखालचा पाटकरी : समुद्रातल्या पाइपलाइनी तपासणारी यानं खरंच एकटी काम करतात का?

नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या, कळमनुरीकडच्या एका मुलानं विचारलंय : "काका, समुद्रातल्या तेल-वायूच्या पाइपलाइनी आणि प्लॅटफॉर्म तपासायला आता एयूव्ही, म्हणजे केबलशिवाय स्वतःच चालणारी पाण्याखालची यानं, आलीत म्हणतात. ती खरंच माणसाशिवाय तपासणी करतात का? मग पाणबुडे आणि जहाजावर बसून केबलनं आरओव्ही चालवणारे यांचं काय होणार? आणि जिथं समुद्र तर सोडाच, उन्हाळ्यात प्यायला पाणी नसतं, तिथल्या पोरानं या वाटेला जावं का?"

काका म्हणालास म्हणून अरे-तुरे करतो. मी औसा तालुक्यातला. समुद्र पहिल्यांदा नीट पाहिला तो जुहूहून उडालेल्या हेलिकॉप्टरच्या खिडकीतून, कामावर रुजू व्हायला जाताना. त्यानंतरची बावीस वर्षं पाण्याखालच्या तपासणीत गेली. आधी आरओव्हीवर, मग सर्वेक्षणात, आणि शेवटची काही वर्षं एयूव्हीवर. तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच थोडंफार आलं. पहिल्या दोनांना वेळ लागेल.

आपल्याकडं बोअरमध्ये कॅमेरा सोडणारे येतात ते तू पाहिलं असशील. केबलला कॅमेरा बांधून सहा-सातशे फूट खाली सोडतात, वर पडद्यावर केसिंग कुठं फुटलंय, पाण्याची धार कोणत्या थरातून येतेय ते बघतात. "थांब, जरा वर घे, फिरव" असं मालक सांगतो आणि कॅमेरा फिरतो. आरओव्ही म्हणजे हेच, फक्त त्याला पंखे, दिवे आणि बहुतेक वेळा दोन यांत्रिक हात असतात. केबलमधून वीज खाली जाते, चित्र वर येतं, आणि जहाजावर बसलेला माणूस ते चालवतो. आता कल्पना कर की बोअरवाल्यानं केबल कापून टाकली, कॅमेऱ्याला बॅटरी दिली आणि सांगितलं, "जा, खाली जे असेल ते बघून ये, संध्याकाळी भेटू." ते एयूव्ही.

केबल गेल्यानं काय मिळतं ते आधी सांगतो, कारण पैसा तिथंच आहे. केबलवाल्या आरओव्हीला मोठं जहाज सतत डोक्यावर उभं ठेवावं लागतं, आणि ओढल्या जाणाऱ्या केबलमुळं वेग बेताचाच राहतो. एयूव्ही तीन-चार नॉट्सनं, म्हणजे ताशी सहा-सात किलोमीटरनं, तळापासून ठरलेली उंची राखत तासन् तास पळतं. लाटांचा हिसका त्याला लागत नाही, म्हणून त्याची सोनार-चित्रं, म्हणजे आवाज मारून प्रतिध्वनीवरून काढलेली चित्रं, जहाजावरून घेतलेल्या चित्रांपेक्षा कितीतरी स्वच्छ येतात. शेकडो किलोमीटर पाइपलाइन बघायची असेल तर हा फरक आठवड्यांचा पडतो.

म्हणून मी नव्या पोरांना सांगायचो की एयूव्ही म्हणजे पाटकरी. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर पाटकरी कसा चालत जातो, कुठं भराव खचलाय, कुठं उंदरांनी बिळं केलीत, कुठं कुणी चोरून पाइप टाकलाय ते बघतो आणि कचेरीत येऊन सांगतो. गेट दुरुस्त करणारा फिटर वेगळा. त्याच्या हातात पाना असतो. एयूव्हीच्या हातात पाना नाही, निदान बहुतेकांच्या नाही. पण या उपमेत एक खोट आहे. पाटकऱ्याला काय बघायचं ते कळतं. वीस वर्षं त्याच वाटेनं चाललेला माणूस "हा ओलावा कालपर्यंत नव्हता" हे पाय टाकताच ओळखतो. यंत्राला दिसतं सगळं, कळत काही नाही. पाहणं वेगळं आणि तपासणं वेगळं, आणि या धंद्यातले निम्मे घोळ हे दोन्ही एकच समजल्यानं होतात.

एयूव्हीला वर विचारता का येत नाही, ते आता बघ. रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यात शिरल्या की थोड्या अंतरातच संपतात. जीपीएस नाही, वायफाय नाही, मोबाइल नाही. उरतो आवाज. आवाज पाण्यात सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. पण दोन किलोमीटर खाली असलेल्या यानाला "थांब" म्हणायला सव्वा सेकंदाहून थोडं जास्त आणि त्याचं "थांबलो" ऐकायला आणखी तेवढाच वेळ. शिवाय आवाजावर चालणाऱ्या मोडेममधून जाणारी माहिती इतकी तुटपुंजी की खोली, बॅटरी, जागा एवढे आकडे येतात, पण चालतं चित्र येत नाही. म्हणजे ते पाण्यात गेलं की त्याच्या डोळ्यांनी तुला बघता येत नाही. जे बघितलं ते वर आल्यावर.

मग ते स्वतः कुठं आहे हे त्याला कसं कळतं? अमावस्येच्या रात्री लाइट गेलेली असताना मळ्यातून घरी येताना आपण पावलं मोजतो, बांध पायाला लागला की डावीकडं वळतो, तसंच. पोटात जायरो असतात, ते दिशा आणि वळणं सांगतात. खाली डॉप्लर लॉग असतो. तो तळावर चार तिरके आवाज मारतो आणि परत येणाऱ्या आवाजाचा सूर किती बदलला त्यावरून तळाच्या तुलनेत वेग काढतो. वेग आणि दिशा यांची बेरीज करत गेलं की जागा निघते. चांगल्या यंत्रणेची चूक कापलेल्या अंतराच्या हजारात एक भाग, म्हणजे दहा किलोमीटरला दहा मीटर. त्यावर जहाजाच्या पोटाखालचा यूएसबीएल नावाचा कान मधूनमधून आवाजानं त्याची जागा ताडून देतो. नाहीतर यान वर येतं, जीपीएस घेतं आणि परत बुडतं. पण हजार मीटर वर येऊन परत खाली जाईपर्यंत ते प्रवाहात कुठं वाहून गेलं हा प्रश्न पुन्हा उभाच.

माझी एक फजिती सांगतो. परदेशात, स्वच्छ पाण्याचं काम होतं. कंपनीचं नाव सांगत नाही. डॉप्लर लॉग सर्व्हिसिंगला काढला होता, परत बसवला. बसवताना तो यानाच्या नाकाच्या रेषेत किती अंशांनी फिरलेला आहे तो आकडा नव्यानं मोजून भरायचा असतो. आमच्या टीमनं जुनाच आकडा राहू दिला, आणि तो तपासायचं काम माझं होतं. फरक अर्ध्या अंशाचा. अर्धा अंश म्हणजे काय, असं वाटतं. पण अर्धा अंश म्हणजे किलोमीटरला पावणेनऊ मीटर. त्या दिवशी जहाजाचा वेळ वाचवायचा म्हणून यानामागं जहाज पाठवलं नव्हतं, ते दुसऱ्या कामावर होतं. संध्याकाळी यान आलं, डेटा उतरवला. पहिल्या फोटोंमध्ये पाइप अगदी मधोमध. मग हळूहळू कडेला. अर्धा किलोमीटर झाला नसेल तोच पाइप फोटोबाहेर, आणि पुढं साडेनऊ किलोमीटर नुसत्या चिखलाचे हजारो फोटो, एकापेक्षा एक सुरेख.

खरा चटका पुढं बसला. यानाच्या साइड स्कॅन सोनारची पट्टी दोन्ही बाजूंना शंभर मीटरपर्यंत जाते. त्या पट्टीत पाइपलाइन शेवटपर्यंत दिसत होती, रेघ ओढल्यासारखी, आपल्यापासून दूर दूर जाताना. म्हणजे दिवसभर यानाला ती दिसत होती. हीच ती, हिच्याचसाठी आलोय, एवढं फक्त त्याला माहीत नव्हतं. आता सोनारमधली रेघ ओळखून तिच्यामागं वळणारी सॉफ्टवेअर आली आहेत आणि ती चांगली चालतात. तरी पाइप काही मीटर वाळूत गाडलेला असला, शेजारून दुसरी जुनी लाइन जात असली, की त्यांची अजूनही फसगत होते.

दिसणं आणि ओळखणं यातल्या अंतराचा एक जाहीर दाखलाही आहे. १९८६ मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलकंपनीच्या सर्वेक्षणात दोन बुडालेली जहाजं सापडली. त्यातलं एक अमेरिकी मालवाहू जहाज 'अल्कोआ प्युरिटन' असावं असं धरून चालले. २००१ मध्ये तिथून गॅसची पाइपलाइन न्यायची म्हणून सुमारे दीड हजार मीटर खोलीवर पुन्हा पाहणी झाली, त्यात हुगिन ३००० जातीचं एयूव्ही उतरवलं. त्याच्या जवळून घेतलेल्या सोनार-चित्रांत कळलं की ते मालवाहू जहाज नाहीच, १९४२ मध्ये बुडालेली जर्मन पाणबुडी यू-१६६ आहे. पंधरा वर्षं ती नोंदीत होती, चुकीच्या नावानं.

आता पाइपलाइनवर नेमकं बघायचं काय? सगळ्यात आधी झुलता भाग, ज्याला आम्ही फ्री स्पॅन म्हणतो. प्रवाहानं पाइपखालची वाळू धुपून जाते आणि पाइप दोन टेकूंवर ठेवलेल्या वाशासारखा अधांतरी राहतो. त्यावरून पाणी वाहताना मागं आळीपाळीनं भोवरे सुटतात आणि पाइप थरथरतो. वाऱ्यात विजेची तार गुणगुणते तसंच, फक्त इथं तारेच्या जागी आतून दाबाखालचा वायू वाहणारं लोखंड आहे. थरथर वर्षानुवर्षं चालली की जोडावरचं वेल्डिंग थकतं. म्हणून झुलता भाग किती लांब, तळापासून किती उंच, आणि गेल्या वेळेपेक्षा वाढला का, हे तीन आकडे हवेत. तिसरा सर्वात महत्त्वाचा. वीस मीटरचा स्पॅन दहा वर्षं वीसच राहिला तर झोप लागते. बाराचा वर्षात अठरा झाला तर लागत नाही. एयूव्ही इथं राजा आहे, कारण एकाच वेळी तळावर आवाजाचे अनेक झोत मारणाऱ्या मल्टिबीम सोनारनं ते तळाचा नकाशा काही सेंटिमीटरच्या बारकाव्यानं काढतं आणि दरवर्षी त्याच वाटेनं, त्याच उंचीवरून जाऊ शकतं. माणसानं चालवलेलं आरओव्ही कधी डावीकडून जातं, कधी उजवीकडून, चालवणाऱ्याच्या मर्जीनुसार.

मग गंज. पाइपवर ठराविक अंतरावर अॅल्युमिनियम-जस्ताच्या मिश्रधातूची कडी बसवलेली असतात, अॅनोड म्हणतात त्यांना. लोखंडाऐवजी ती स्वतः झिजतात. लोखंड सुरक्षित आहे का ते सिल्व्हर क्लोराइडच्या इलेक्ट्रोडनं त्याचा विद्युतदाब मोजून ठरवतात. उणे ८०० मिलिव्होल्ट किंवा त्याहून अधिक ऋण आकडा आला तर ठीक. पण खात्रीचा आकडा हवा तर धातूला टोक टेकवावं लागतं. पळणारं यान टेकवणार कसं? पाण्यातल्या विद्युतक्षेत्रावरून अंदाज बांधणारे सेन्सर यानाच्या पोटाखाली लावतात, त्यावरून अॅनोड जिवंत आहे की मेला ते कळतं. मात्र वाद पडला की शेवटी कुणीतरी जाऊन टोक टेकवतंच.

गळती, ओढून नेलेले नांगर, अडकलेली जाळी, टाकून दिलेले वायर-रोप हेही बघतात. त्यावर फार बोलत नाही, ते फोटोत सरळ दिसतं.

प्लॅटफॉर्मची गोष्ट वेगळी. बॉम्बे हाय हे अरबी समुद्रातलं तेलक्षेत्र १९७४ मध्ये सापडलं आणि १९७६ मध्ये तिथून तेल यायला लागलं. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर आत, पाणी पंचाहत्तर मीटरच्या आसपास. तिथं पोलादी नळ्यांचे सांगाडे तळावर उभे आहेत, जॅकेट म्हणतात त्यांना. उभ्या, आडव्या, तिरक्या नळ्या, मधून जाणारे रायझर (तळावरच्या पाइपलाइनीपासून वर प्लॅटफॉर्मपर्यंत तेल-वायू नेणाऱ्या उभ्या नळ्या), भोवती भरती-ओहोटीचा प्रवाह, आणि गढूळ पाणी. टॉर्पेडोच्या आकाराचं एयूव्ही इथं नेणं म्हणजे मोंढ्याच्या गर्दीत ब्रेक नसलेली मोटारसायकल नेणं. त्याला जागेवर थांबताच येत नाही, कारण पळत राहिलं तरच त्याच्या सुकाणूला पाणी लागतं. इथं चोहोबाजूंना पंखे असलेलं, तरंगत थांबणारं यान लागतं. तशी आहेत, पण त्यांचा पल्ला कमी.

त्यातून आपल्या कोमट पाण्यात लोखंडावर शिंपले, कालवं, शेवाळ यांचा जाड थर चढतो. वेल्डमध्ये भेग आहे का हे बघायचं तर आधी तो थर उच्चदाबाच्या पाण्यानं खरवडून धातू उघडा करायचा, मग चुंबकीय किंवा विद्युतप्रवाहाच्या पद्धतीनं भेग शोधायची. खरवडणं, टेकवणं, दाबून धरणं ही हातांची कामं. ती पाणबुडे करतात किंवा हातवालं आरओव्ही. साधी हवा श्वासात घेऊन डायव्हिंग ५० मीटरपर्यंतच. त्याखाली सॅच्युरेशन, म्हणजे माणसं जहाजावरच्या दाबाच्या टाकीत सलग २८ दिवसांपर्यंत राहतात, डायव्हिंग बेल नावाच्या बंद घंटेतून खाली जाऊन काम करतात, आणि शेवटी दाब उतरवायलाच तीनेक दिवस लागतात. हे काम जितकं कमी करता येईल तितकं बरं, असं मी मनापासून म्हणतो. त्या टाकीत आजारी पडलेल्या माणसाला लगेच बाहेर काढता येत नाही.

रायझर किती नाजूक याची आठवण धंद्यातल्या कुणालाही करून द्यावी लागत नाही. २७ जुलै २००५ ला, ऐन पावसाळ्यात, बॉम्बे हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मवर एक सहाय्यक जहाज आदळलं, रायझरला धडकलं, वायू फुटला, आग लागली. २२ माणसं गेली. आपल्याकडं पाण्याखालची कामं ऑक्टोबर ते मे एवढ्यातच उरकायची धावपळ असते ती या समुद्रामुळं. जूनपासून जहाज स्थिर उभंच राहू देत नाही तो.

इथंच पुढचं पाऊल कळतं. जहाजच नको, यान खालीच राहू दे. समुद्रतळावर गोठा बांधायचा, यान तिथं येऊन तारेला न जोडता चार्ज होणार, डेटा देणार, पुढचं काम घेऊन निघणार. नॉर्वेत याची खरी कामं सुरू आहेत. न्योर्ड तेलक्षेत्रासाठी इक्विनोर या नॉर्वेच्या तेलकंपनीनं २०१९ मध्ये इटलीच्या सायपेमशी असा करार केला, यानाचं नाव हायड्रोन-आर. नॉर्वेतल्याच विद्यापीठातून निघालेल्या ईल्युम कंपनीनं सापासारखं वळवळणारं यान बनवलंय, ते नळ्यांच्या मधून शिरतं. वर वादळ असो नाहीतर बर्फ, खालचं काम चालू. पावसाळ्यात चार महिने हात बांधून बसणाऱ्या आपल्या समुद्राला हे जास्त लागू पडतं, असं माझं मत. पण खर्च खोल पाण्यात आधी परवडतो. आपल्या पूर्व किनाऱ्यावर कृष्णा-गोदावरी खोऱ्यात आर क्लस्टर हे वायुक्षेत्र दोन हजार मीटरहून खोल पाण्यात आहे, २०२० च्या डिसेंबरात सुरू झालं. तिथं पाणबुड्याचा प्रश्नच नाही, जे करायचं ते यंत्रानं. बघ, आपली गोदामाय जिथं समुद्राला मिळते त्याच बाजूला.

तर पाणबुडे आणि आरओव्हीवाल्यांचं काय? लांब पाइपलाइनीवर दिवसभर पडदा बघत "स्पॅन सुरू, स्पॅन संपला, अॅनोड" असं बोलत नोंद करणाऱ्याचं काम कमी होतंय, हे लपवत नाही. मी स्वतः ते सहा वर्षं केलं. हाताचं काम राहील. आणि एक काम वाढतंय. यान एका फेरीत हजारो फोटो आणि सोनारचे ढिगारे आणतं, ते गेल्या वर्षीच्या नोंदीशी लावून "हे बदललं" म्हणणारा माणूस लागतो. संगणक आता पहिली चाळणी लावतो, फोटोतला अॅनोड, जाळं, स्पॅन ओळखतो. पण "हे जुनंच आहे, गेल्या वेळी सावली दुसरीकडं होती" हे कुणीतरी सही करून म्हणावं लागतं. ती सही यंत्राची चालत नाही.

तुझ्याबद्दल. समुद्र न पाहणं हे कारण नव्हे. मी विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो, पुढं तेच कामाला आलं. यानाच्या पाठीवरचा फोम म्हणजे तो डबाच, फक्त पोकळ काचेचे बारीक मणी राळेत कालवून बनवलेला, कारण साधा डबा हजार मीटरवर शंभर पट दाबानं चपटा होतो. आपल्या देशातही काम आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं 'माया' नावाचं छोटं एयूव्ही बनवलं. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेनं ओएमई-६००० हे यान डिसेंबर २०२२ मध्ये मध्य हिंदी महासागरात ५२७१ मीटरवर उतरवलं. चेन्नईची प्लॅनिस, कोचीची आयरोव्ही या खासगी कंपन्या पाण्याखालची तपासणी करतात, त्यात धरणंही येतात. तुझ्या घरापासून येलदरी, सिद्धेश्वर, विष्णुपुरी किती लांब? धरणाच्या पाण्याकडच्या भिंतीवरच्या भेगा, गेटच्या खाचा, जाळीत अडकलेलं लाकूड बघणं हे याच कामाचं गोडं रूप आहे. मुंबईला जाऊन लाखभर रुपये भरून "ऑफशोअर कोर्स, नोकरीची हमी" घेऊ नकोस. हमी देणारे फी घेतल्यावर फोन उचलत नाहीत, माझ्या गावच्या दोघांनी अनुभव घेतलाय. आधी सोनारची चित्रं वाचायला शीक, सिग्नल प्रोसेसिंगचा पेपर पास होण्यापुरता नको, समजण्यापुरता कर. पाण्याखालच्या तपासणीची प्रमाणपत्रं नोकरी लागल्यावर कंपनीच्या खर्चानं करता येतात.

आणि या सुट्टीत एक कर. हातभर लांब, रुंद पीव्हीसी पाइपची दोन्ही टोकं बंद करून आत वाळू भर, अशी की विहिरीत सोडल्यावर तो ना तरंगेल ना बुडेल, मधेच उभा राहील. याला आम्ही ट्रिम करणं म्हणतो, आणि कामाच्या पहिल्या दिवशी तेच करतो. मग एका पिंपात लिटरला ३५ ग्रॅम मीठ घालून समुद्र तयार कर आणि तोच पाइप त्यात सोड. तो वर येईल. गोड्या पाण्याचं घनमीटर हजार किलो, समुद्राचं १०२५. म्हणूनच समुद्रासाठी ट्रिम केलेलं एक टनाचं यान जायकवाडीच्या नाथसागरात सोडलं तर चोवीस-पंचवीस किलोनं जड होऊन सरळ गाळात बसेल. पाइप पुन्हा मधे उभा राहायला किती ग्रॅम वाळू वाढवावी लागेल ते आधी कागदावर काढ, मग टाकून मोज. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर हवेचा बुडबुडा कुठं अडकलाय ते शोध, आणि मग मला कळव.